अपघाताआधी फॉर्म भरून घेणारी आत्या

तुमच्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीवर कोणतं साल छापलेलं आहे, सांगता येईल? नाही येणार. नळीवर साल असतं हेच बहुतेकांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांनी ते शेवटचं कधी वाचलं हे त्यांना आठवत नसतं. माझी आत्या मात्र तुमच्याकडे बारशाला, वास्तुशांतीला किंवा नुसती पत्ता चुकून जरी आली असेल, तरी पाणी प्यायच्या निमित्ताने ओट्यापाशी जाऊन, कमरेत वाकून, चष्मा कपाळावर सरकवून तिने ते साल नक्की वाचलेलं असणार. आणि ते उलटून गेलेलं असेल तर पेढा हातात धरूनच ती तुम्हाला म्हणाली असणार, "बाळ छान आहे. नळी बदला." पुण्यात लोकांचे जीव वाचावेत म्हणून पगार घेणारी पुष्कळ माणसं आहेत. त्या सगळ्यांनी मिळून जेवढं केलं नसेल तेवढं माझ्या आत्याने निवृत्त झाल्यावर फुकट केलं आहे आणि वर शिव्या खाल्ल्या आहेत, हे मी कुणाही समोर छाती ठोकून सांगायला तयार आहे.

आम्ही मूळचे येरवड्याचे. आमच्या घरात ऑफिसच्या खुर्चीत बसून नोकरी करणारी पहिली व्यक्ती म्हणजे आत्या. एका विमा कंपनीच्या दावे विभागात ती कारकून म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही. लोक सारखे पडत होते." मधल्या सगळ्या वर्षांत तिने एकच गोष्ट वाचली, ती म्हणजे लोकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली आपापल्या अपघाताची हकीकत. दाव्याच्या फॉर्मवर एक लांब रकाना असायचा, 'घटना कशी घडली?' आत्याचं म्हणणं असं की या रकान्यात महाराष्ट्रातली माणसं एकाच शब्दाने सुरुवात करतात, आणि तो शब्द म्हणजे 'नेहमीप्रमाणे'. नेहमीप्रमाणे मी दूध गॅसवर ठेवून दार उघडायला गेले. नेहमीप्रमाणे मी चौकापर्यंतच उलट्या दिशेने जात होतो. नेहमीप्रमाणे ओल्या हाताने बटण लावलं. त्याच्या खाली आणखी एक छोटा रकाना होता, 'घटना टाळण्यासाठी आपण कोणती काळजी घेतली होती?' तिथे लोक एक आडवी रेघ मारत. आत्या म्हणते, त्या रेघेइतकी खरी गोष्ट माणूस आयुष्यात दुसरी लिहीत नाही.

तिच्या निवृत्तीच्या सुमारास सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि जुन्या फॉर्मचे गठ्ठे रद्दीत निघाले. साहेबांची परवानगी घेऊन आत्याने ते गठ्ठे स्कूटरवरून खेपा घालत कर्वेनगरला आपल्या फ्लॅटवर आणले. साहेबांना वाटलं, मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहील. आत्याने काढलं भलतंच. कुणी निष्काळजीपणा करताना दिसला की ती पर्समधून एक फॉर्म काढते, पेन पुढे करते आणि शांतपणे म्हणते, "भरून ठेवा. नंतर शुद्धीवर असाल-नसाल." माणूस आधी हसतो. मग नाव लिहितो, पत्ता लिहितो. मग 'घटनेची तारीख' या रकान्याशी अडतो आणि विचारतो, "अहो, तारीख काय टाकू?" आत्या म्हणते, "आपल्या सोयीची टाका." इथे हसणं थांबतं. पुढे 'घटना कशी घडली?' इथे पोचेपर्यंत निम्म्या लोकांनी हेल्मेट कोपरातून काढून डोक्यावर घातलेलं असतं. कोपरातल्या हेल्मेटवर तर तिचा खास राग आहे. सिग्नलला शेजारी थांबलेल्या एका धिप्पाड गृहस्थाला तिने विचारलं होतं, "आपला मेंदू कोपरात असतो का? नाही, आमच्याकडे काही लोकांचा गुडघ्यात असतो म्हणून विचारलं." गृहस्थ तापले. म्हणाले, "बाई, डोकं माझं आहे." आत्या म्हणाली, "आहे ना, मग फॉर्मही आपणच भरा. मागाहून तो बायकोला भरावा लागतो, आणि तिला आपल्या गाडीचा नंबर पाठ नसतो."

तिच्या सवयी सांगायला बसले तर हा लेख संपणार नाही. ती पाणी जाण्याच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडे गुरुवारी, घरातले सगळे नळ दोनदा पिळून बघते आणि मग वरच्या मजल्यावरच्यांचेही बघायला जाते, कारण पाणी नसताना उघडा राहिलेला नळ पाणी आल्यावर खालच्याच्या कपाटात उतरतो, हे तिने असंख्य फॉर्मवर वाचलेलं आहे. गाडीचं उजवं दार ती डाव्या हाताने उघडायला लावते, म्हणजे अंग आपोआप मागे वळतं आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. तिच्यामुळे आमच्या नात्यातल्या सगळ्या ड्रायव्हरांची चाल अशी झाली आहे की लग्नाला आम्ही गाडीतून उतरायला लागलो की लोकांना वाटतं, सगळ्या खानदानाची मान आखडली आहे. बुद्धपौर्णिमेला येरवड्याच्या विहारात वंदना चालू असते, सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, आणि आत्या मेणबत्त्यांच्या रांगेशेजारी वाळूची बादली घेऊन डोळे सताड उघडे ठेवून उभी असते. एकदा एका उपासकाने समजावलं, "ताई, मन एकाग्र करा." ती म्हणाली, "एकाग्रच आहे. तुमच्या उपरण्यावर." पुढच्याच मिनिटाला त्यांना उपरणं झटकावं लागलं होतं.

मार्केट यार्डातला प्रसंग तर माझ्या डोळ्यांसमोर घडला. आम्ही कांदे आणायला गेलो होतो. एक टेम्पो पोत्यांनी असा भरला होता की मागची दोन पोती हवेतच होती, आणि दोर नावापुरता. आत्या टेम्पोपुढे जाऊन उभी राहिली. हमाल गोळा झाले. ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारे, रस्ता सोड, मला लिवता येत न्हाई." आत्या म्हणाली, "मला येतं. तू सांग." आणि बॉनेटवर फॉर्म ठेवून तिने विचारायला सुरुवात केली. नाव काय, गाडी कुणाची, निघालास कुठे, पोतं कुणाच्या अंगावर पडलं. शेवटच्या प्रश्नाला तो चपापला. "पडलंय कुटं अजून?" "मग कुणाच्या अंगावर पाडायचं ठरवलंयस? म्हातारी लिहू की शाळेतली पोर?" हमालांत हशा पिकला. पण ड्रायव्हर खाली उतरला, दोर सोडला आणि पुन्हा आवळून बांधला. त्यानंतर जेव्हा जेव्हा आम्ही तिकडे गेलो तेव्हा तो लांबूनच ओरडून सांगायचा, "फॉर्मवाल्या बाई, दोर बगून घ्या."

तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा पाटी का नाही लावत? पुण्यात राहून आत्याने पाटी कधीच लावली नाही. तिचं मत असं की आपल्याकडे पाटी वाचून लोक हसतात, तिचा फोटो काढतात, चार जणांना पाठवतात आणि जे करू नका म्हणून लिहिलेलं असतं ते तिच्याच खाली उभं राहून करतात. "पाटीत समोरच्याला टोमणा असतो," ती म्हणते, "फॉर्मवर स्वतःची सही लागते."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीत चूक माझी आहे. माझे वडील छापखान्यात कामाला आहेत आणि सुट्टीच्या दिवशी चळवळीची पत्रकं छापतात. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. इतर मुलं चिऊकाऊच्या गोष्टी वाचत होती तेव्हा मी 'जाब विचारा', 'एकजुटीने हाणून पाडा' असं जोरजोरात वाचत होते. त्यामुळे कॉलेजसाठी आत्याकडे राहायला आले तेव्हा तिच्या फॉर्मवर माझा पहिल्या दिवसापासून राग होता. मी तिला म्हणायचे, "आत्या, तू माणसांना दोष देतेस. रस्त्यात खड्डा असतो, वायरिंग निकृष्ट असतं, घरं कोंदट असतात. हा व्यवस्थेचा दोष आहे." आत्या पोळीला तूप लावत म्हणायची, "असेल ना. व्यवस्थेचं पूर्ण नाव काय? पत्ता?" "व्यवस्थेला पत्ता नसतो गं." "मग तिच्यावर दावा लागणार नाही. रकान्यात नाव लागतं, बाई. मोघम लिहिलं की फॉर्म परत येतो." मला वाटायचं, ही आयुष्यभर खुर्चीत बसून कारकुनासारखा विचार करायला लागली आहे. आणि तेवढ्यात ती माझ्या ओढणीची दोन्ही टोकं धरून मागे गच्च गाठ मारायची, कारण मी गाडीवरून निघालेली असायचे आणि चाकात अडकलेल्या ओढण्यांबद्दल तिने जे वाचलं होतं ते तिने मला कधीच सांगितलं नाही, फक्त गाठ मारत राहिली.

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली मीटरची खोली आहे. खिडकी नाही. सगळ्या फ्लॅटचे मीटर एका भिंतीवर, आणि समोरच्या भिंतीला लागून एक खाट, एक पत्र्याची पेटी, छोटा सिलिंडर आणि शेगडी. तिथे आमचा वॉचमन बालाजी आणि त्याची बायको मीरा राहत होते. नांदेडकडची माणसं. गावाकडे जमीन नाही, पुण्यात दुसरं कुणी नाही. त्यात सोसायटीत बॅटरीवरच्या स्कूटर आल्या. त्यांच्या मालकांनी मीटरच्या खोलीतल्या एकाच बोर्डावरून वायरी ओढल्या आणि खाटेखालून, दाराच्या फटीतून पार्किंगमध्ये नेल्या. पहिली वायर अध्यक्षांची होती. आत्याने एकदा त्या बोर्डाला हात लावून पाहिला आणि चटकन मागे घेतला. मग खाटेकडे पाहिलं. त्याच संध्याकाळी तिने अध्यक्षांच्या दारात उभं राहून फॉर्म पुढे केला. अध्यक्ष सेवानिवृत्त अधिकारी, बोलणं मोजकं आणि धारदार. म्हणाले, "आत्या, आपण निवृत्त झालात हे कंपनीने आपल्याला कळवलं नाही का?" आत्या म्हणाली, "कळवलं. अपघातांना कळवायचं राहून गेलं." दार बंद झालं.

ती पुन्हा जाणार होती. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा जायची तिची तयारी असते. पण मला धीर नव्हता. मी एका दुपारी बसून पत्रक लिहिलं. 'तुमच्या पायाखाली स्फोट साठतो आहे!' असा मथळा. आत बेफिकीर मध्यमवर्ग होता, आंधळी व्यवस्था होती, कष्टकऱ्यांना अंधाऱ्या कोठडीत डांबणारी मानसिकता होती. खिडकी नसलेल्या खोलीत सिलिंडर पेटतो हेही मी ठसक्यात लिहिलं होतं. वडिलांनी छापून दिलं, आणि मी ते प्रत्येक दाराखालून सरकवलं. मला फार अभिमान वाटला. दोन दिवसांनी फलकावर सूचना लागली की इमारतीच्या सुरक्षेच्या दृष्टीने मीटरच्या खोलीत स्वयंपाक करणं धोक्याचं असल्याने वॉचमन कुटुंबाने महिनाअखेर खोली रिकामी करावी, आणि यावर रविवारच्या सभेत शिक्कामोर्तब होईल. वायरींबद्दल एक अक्षर नव्हतं.

मीरा वर आली. दारातच उभी राहिली, आत येईना. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. आत्याला म्हणाली, "आत्याबाई, शेगडी नगं तर नगं. म्या भाईर चूल मांडते. पर खोली काढून घेतली तर कुटं जावं आमी? ह्यांची नोकरी रातची हाय. म्या एकली कुटं झोपू?" आत्याने तिला बसवलं, पाणी दिलं. ती गेल्यावर मी रडायला लागले. म्हटलं, "मी तर त्यांच्या बाजूने लिहिलं होतं." आत्याने मीराचं पाण्याचं भांडं उचललं. मग म्हणाली, "तुझ्या पत्रकात कुणाचंच नाव नव्हतं. नाव कोरं ठेवलं की लोक सोयीचं नाव घालतात. त्यांनी बालाजीचं घातलं." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

मग चहा ठेवून तिने मला एक गोष्ट सांगितली. ती नोकरीत रुळली होती त्या काळातली. एक बाई काउंटरवर आली होती, नवऱ्याच्या दाव्यासाठी. नवरा गॅसचा गिझर लावून, दार-खिडकी घट्ट बंद करून आंघोळीला बसला होता, थंडीचे दिवस होते. तो बाहेर आलाच नाही. बाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून आत्या एकेक प्रश्न वाचून दाखवत होती. 'खिडकी उघडी होती का?' हा प्रश्न आला तेव्हा ती बाई आत्याकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हंजे खिडकी उघडी ठेवावी लागती, हे तुमच्या कागदाला आदीपास्नं ठावं व्हतं?" आत्या म्हणाली, "हो." बाई म्हणाली, "मग हे आत्ता इचारताय?" एवढंच. ती भांडली नाही, अंगठा उठवून निघून गेली. "मी रोज तो प्रश्न विचारत होते," आत्या म्हणाली, "आणि रोज उशिरा विचारत होते." चहा उतू गेला. आत्याने उठून गॅस बंद केला, ओटा पुसला. माझ्या आठवणीत तिच्या देखत काही उतू गेल्याची ती एकच वेळ.

रविवारी दहाला पार्किंगमध्ये सभा होती. खुर्च्या कुणी मांडल्या? बालाजीने. चहा कुणी केला? मीराने, मीटरच्या खोलीत, त्याच शेगडीवर. ज्या शेगडीपासून इमारत वाचवायला सगळे जमले होते तिच्यावरचा चहा सगळे फुंकून पीत होते, आणि आलं छान उतरलंय असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. अध्यक्षांनी विषय वाचला. आत्या उठली, प्रत्येक खुर्चीवर एक असे फॉर्म वाटत गेली. तिच्याकडचा शेवटचा गठ्ठा होता तो. "खोली रिकामी करायला माझी हरकत नाही," ती म्हणाली, "तिथे कुणी झोपूच नये. पण कारण खरं लिहा. बोर्ड शेगडीने तापत नाही. शेगडी दिवसातून दोनदा पेटते, वायरी अष्टौप्रहर आहेत. ज्यांच्या आहेत त्यांनी 'घटना कशी घडली' हे लिहावं, आणि खाली सही करावी. उद्या काही झालं तर बालाजीचं नाव मी लिहू देणार नाही."

खुर्च्या करकरल्या. कुणी फॉर्मची घडी घातली, कुणी वारा घेतला. अध्यक्ष हसले. म्हणाले, "आत्या, दुसऱ्याच्या घरात वाकून बघण्याआधी स्वतःचं बघावं माणसाने. परवा गेटचा खांब कुणाच्या स्कूटरने घासला, सांगू का सभेला? सरळ दिवसाउजेडी, एवढा मोठा खांब."

मला वाटलं आत्या आता त्यांना सोलून काढणार. मी तर आनंदाने पुढे सरसावूनच बसले होते. पण तिचा चेहरा उतरला. मला खांबाबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिची ती निळसर स्कूटर, नोकरीला लागल्यापासूनची तिसरी. कर्वेनगर ते येरवडा, मार्केट यार्ड, विहार, बारशी, दवाखाने, सगळं तिच्यावरच. रिक्षात ती बसायची नाही, म्हणायची, "दुसऱ्याच्या ब्रेकवर माझा विश्वास नाही." तिने हातातल्या गठ्ठ्यातला एक फॉर्म वर घेतला, खुर्चीवर बसली, चष्मा नीट केला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचायला लागली. "नाव, माझं. वाहन, स्कूटर. घटनेची तारीख..." इथे थांबली. "सोयीची टाकते. उद्याची. घटना कशी घडली. डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. बाजूचं दिसत नाही. गाडी चालवू नका असं डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. माहीत असूनही, नेहमीप्रमाणे, गाडी काढली." मग पुढचा रकाना वाचला. "घटना टाळण्यासाठी कोणती काळजी घेतली होती." तिने पर्समधून स्कूटरची किल्ली काढली आणि टेबलावर, अध्यक्षांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. "ही." खाली सही केली. मग पेन अध्यक्षांकडे वळवून धरलं. "आपलं बरोबर आहे, अध्यक्ष. स्वतःपासून सुरुवात करावी. आता आपण."

भिंतीशी चहाचा ट्रे धरून मीरा उभी होती. अध्यक्षांनी किल्लीकडे पाहिलं, मग आपल्या स्कूटरकडे, तिच्या पोटातून निघून जिन्याखाली गेलेल्या वायरीकडे. पेन घेतलं. नाव लिहिलं, फ्लॅट नंबर लिहिला. 'घटना कशी घडली?' या रकान्यात एक शब्द लिहिला आणि थांबले. मी उठून त्यांच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले होते, मला तो शब्द दिसला, आणि तुम्हालाही तो कळला असेलच. त्यांनी पेनाला टोपण लावलं. खाली बघतच म्हणाले, "उद्या इलेक्ट्रिशियन बोलावतो. वायरी निघतील. चार्जिंगचं वेगळं, नीट करून घेऊ." आत्या म्हणाली, "आणि बालाजी?" "बघू." "'बघू' रकान्यात बसत नाही." तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, ती ऑफिसची खोली आहे ना? कॅरम आणि गणपतीच्या मखराला एवढी मोठी खोली लागते का?" अध्यक्षांनी मान हलवली. टिपणवहीत तसं लिहिलं गेलं. मी पुढे जाऊन ते दोनदा वाचलं. नावं होती.

पुढे आत्याला समितीकडून पत्रही आलं, की यापुढे सभासदांना परस्पर फॉर्म वाटू नयेत. तिने ते फ्रिजवर चुंबकाने लावलं आहे. म्हणते, "शुद्धलेखन चांगलं आहे." मीरा-बालाजी ऑफिसच्या खोलीत राहायला गेले. पहिल्या दिवशी आम्ही बघायला गेलो तर मीराने खाट खिडकीशी ओढली होती. आत्याला म्हणाली, "वारं येतंय बगा, आत्याबाई." आत्या खिडकीपाशी गेली, कडी उघडून-लावून पाहिली, आणि तिथेच उभी राहिली. बराच वेळ. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, "हो. उघडी आहे."

स्कूटर आता मी चालवते, आत्या मागे बसते. निघण्याआधी माझ्या ओढणीची गाठ तीच मारते. आधी ती सगळ्या रस्त्यावर लक्ष ठेवायची, आता तिच्या डाव्या बाजूचं पुणे हळूहळू मिटत चाललं आहे, म्हणून उजवीकडून काही आलं की माझा उजवा खांदा दाबते आणि मधूनच डावा खांदा दाबून विचारते, "इकडे कोण आहे?" मी सांगते, बस आहे, हातगाडी आहे, दोघं कॉलेजातले आहेत. "हेल्मेट?" "कोपरात." मागून एक सुस्कारा ऐकू येतो आणि पर्सची चेन उघडल्याचा आवाज. फॉर्म संपले होते, पण माझ्या वडिलांनी नवे छापून दिले आहेत. पत्रकांच्याच कागदावर. मीही हल्ली पत्रकं लिहिते, आणि लिहिली की आत्याला दाखवते. ती एकच गोष्ट तपासते, नाव आहे का.

तुम्हाला मी फॉर्म पाठवू शकत नाही. पण घरात एखादा पाठकोरा कागद असेल. तो घ्या. घरातली, गाडीवरची, इमारतीतली जी गोष्ट तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही चालवून घेता आहात, ती घडून गेली असं समजून लिहून काढा. तारीख सोयीची टाका. नाव खरं लिहा, जो सगळ्यात खाली राहतो त्याचं नको. मग जिना उतरून जा, मीटरच्या खोलीचं दार उघडा, आत कुणी झोपतं का ते बघा, बोर्डाला उलटा हात लावा. आणि परत वर येऊन तो शेवटचा रकाना भरा. रेघ मारू नका.